पोटावरच्या रेघा आणि मेडिकलमधली ट्यूब

प्रश्न : ताई, मी 28 वर्षांची, सातारा जिल्ह्यातली. बाळ आठ महिन्यांचं आहे, अजून अंगावर पितं. बेंबीखाली आणि कमरेला दोन्ही बाजूंनी जांभळट-तपकिरी स्ट्रेच मार्क्स आहेत. ‘सांगत होते ना, खाजवू नकोस,’ हे सासूबाईंचं पालुपद चालूच आहे. जावेनं मेडिकलमधून गोरेपणाची ट्यूब आणून दिली, ती तीन आठवडे लावतेय. नवरा काही बोलत नाही, पण दिवा घालवल्याशिवाय मी कपडे बदलत नाही. धाकट्या बहिणीला चौथा महिना आहे. तिला तरी हे होऊ नये म्हणून काय सांगू? नाव छापू नका.

उत्तर : सगळ्यात आधी ती ट्यूब बंद कर. मागचं बारीक अक्षर वाच. मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल यांपैकी काही दिसलं तर ते स्टिरॉइड आहे. सोबत हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइनही असण्याची शक्यता आहे, कारण या ‘गोरं करणाऱ्या’ ट्यूबांत हे त्रिकूट सर्रास असतं. स्टिरॉइड बरेच दिवस चोळलं की कातडी पातळ होते आणि तिच्यावर नवे स्ट्रेच मार्क्स उमटतात. म्हणजे ज्याच्यावर औषध म्हणून लावलं तेच पदरात! त्यात बाळ पितंय, पोटाला चिकटून झोपतंय. खरं तर ही औषधं चिठ्ठीशिवाय मिळायलाच नकोत, पण आपल्याकडे काउंटरवर बामासारखी मिळतात. जावेचा हेतू चांगला असेल, तिच्याशी भांडू नकोस. फक्त ट्यूब एकदा त्वचारोगतज्ज्ञांना दाखव आणि किती दिवस, कुठे कुठे लावलीस ते सांग.

आता खाजवण्याचं. सासूबाईंचा समज त्यांनी स्वतः शोधलेला नाही, तो फार जुना आहे. चरकसंहितेत सातव्या महिन्यातली ही खाज आणि तिच्यामागून येणारे व्रण ‘किक्किस’ या नावानं आले आहेत. बायका म्हणत, पोटातल्या बाळाला केस फुटतात म्हणून आईची आग होते. त्या ग्रंथातले गुरू आत्रेय म्हणतात, तसं नाही, वाढत्या गर्भाच्या दाबामुळे होतं. (सातव्या महिन्यात बायका काय बोलतात ते त्यांनी कान देऊन ऐकलं होतं, हे मला आवडतं.) पण खाजेतून किक्किस होतो, म्हणून खाजवू नये, हे मात्र त्यांनीही सांगितलं. आजचं ज्ञान वेगळं आहे. कातडी भराभर ताणली जाते, गरोदरपणातल्या हार्मोन्समुळे तिच्या मधल्या थरातले कोलॅजन आणि इलास्टिनचे धागे सैल पडतात आणि तुटतात. ताणलेल्या कातडीला खाज सुटतेच. खाजवून ओरखडे उठतील, रेघा उठत नाहीत. सासूबाईंना हे पटवत बसू नकोस. तुला पटलं तरी पुष्कळ झालं.

मग कुणाला होतात आणि कुणाला नाही? अर्ध्याहून जास्त गरोदर बायकांना होतात. आईला असतील तर लेकीला होण्याची शक्यता जास्त. कमी वयातलं गरोदरपण, आधीपासून जास्त वजन, वजनात एकदम वाढ, मोठं बाळ किंवा जुळं, हीही कारणं आहेत. यातलं तुझ्या हातात होतं तरी किती? कधी तुझ्या आईच्या पोटाकडे नीट बघ.

रंग जाईल, खुणा राहतील. जांभळट-तपकिरी रंग हळूहळू विरून फिकट, चंदेरी रेघा उरतात. त्याला वर्ष, कधी त्याहून जास्त लागतं. तू तर अजून त्या वर्षाच्या आतच आहेस. लेझर आणि मायक्रोनीडलिंगनं (बारीक सुयांनी कातडी टोचणं) रेघा फिक्या होतात, साफ पुसल्या जात नाहीत. शिवाय बऱ्याच बैठका आणि बराच पैसा लागतो. आपल्या सावळ्या कातडीवर लेझरनं काळे डागही पडू शकतात. हौस आणि पैसा दोन्ही असेल तर बाळाचं दूध तुटल्यावर बघ, पण ‘शंभर टक्के गायब’ म्हणणाऱ्याच्या दारात पाय ठेवू नकोस.

नवऱ्याबद्दल तू लिहिलंस, काही बोलत नाही. त्या गप्प बसण्याचा अर्थ तूच लावून ठेवलायस. मला विचारशील तर निम्म्या नवऱ्यांना त्या रेघा दिसलेल्याही नसतात, आणि उरलेल्यांना काय बोलावं ते सुचत नसतं. दिवा रात्रीच लावून दाखव असं मी म्हणत नाही. दुपारी बाळ झोपलं की आधी सांगून टाक, ‘मला याची लाज वाटते.’ पुढचं त्याला बोलू दे. मात्र ही लाज पोटापुरती राहत नसेल, रडू येत असेल, झोप उडाली असेल, बाळाचंही काही नकोसं होत असेल, तर तो विषय रेघांचा नाही. डॉक्टरांना स्पष्ट सांग. बाळंतपणानंतरचं नैराश्य औषधानं आणि बोलण्यानं बरं होतं.

आता बहिणीचं. महागडी तेलं घ्यायची गरज नाही. कॉक्रेन या संस्थेनं 2012 मध्ये सहा चाचण्यांचा, 800 बायकांचा आढावा घेतला. क्रीम-तेलं लावून रेघा टळतात असा भक्कम पुरावा त्यांना सापडला नाही. खाज थांबायला साधं खोबरेल किंवा कुठलंही बिनवासाचं मॉइश्चरायझर चालेल. अंघोळीचं पाणी फार कढत नको. आई ‘दोन जिवांची आहेस, दोघांचं खा’ म्हणणारच. बहिणीनं एका माणसाचं चांगलं खावं आणि डॉक्टर सांगतील तेवढंच वजन सावकाश वाढू द्यावं. रेटिनॉलवाली क्रीम आणि तुझ्याकडची ट्यूब तिच्या हाती जाऊ देऊ नकोस.

शेवटच्या महिन्यांत रेघांवरच लाल, खाजरी पुरळ उठलं तर त्रास फार होतो, पण बाळाला धोका नसतो. तरी डॉक्टरांना दाखवावं. पण पुरळ नसताना तळहात-तळपाय खाजायला लागले आणि रात्री खाज वाढली, तर तेल चोळत बसायचं नाही. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं, यकृताची आणि पित्ताम्लांची रक्ततपासणी करावी लागते, कारण ही गरोदरपणातल्या यकृताच्या आजाराची खूण असू शकते आणि त्यात बाळाला धोका असतो. एवढं तिला आजच फोन करून सांग, तेलाचं सावकाश सांगितलंस तरी चालेल.