तीन आठवडे तिमोरमध्ये, पण त्याआधी रविवार पाड्यावर

पत्र : माझी मुलगी एसवायबीएला आहे, विषय इंग्रजी. आमच्या धर्मग्रामाचा (चर्चच्या पॅरिशचा) युवा गट मे महिन्यात तीन आठवडे तिमोर-लेस्तेला मुलांना इंग्रजी शिकवायला चालला आहे. माणशी दीड लाख खर्च. तिला पुढे परदेशात इंग्रजीची शिक्षिका व्हायचंय. या अनुभवाने बायोडेटा वजनदार होईल, असं ती म्हणते. तिची आई घाबरली आहे, मी हिशेब करतोय. पाठवावं का?
— एक पालक, वसई

उत्तर : पाठवा. पण बायोडेटासाठी पाठवत असाल, तर दीड लाख बँकेतच राहू द्या.

काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या मुलाखतींना मी पॅनेलवर होतो. एका उमेदवार मुलीने परदेशातल्या अशाच सेवेचं प्रमाणपत्र पुढे केलं. मी विचारलं, "वर्गात किती मुलं होती? शेवटच्या दिवशी त्यांना असं काय येत होतं, जे पहिल्या दिवशी येत नव्हतं?" तिने मोबाइल काढून फोटो दाखवले. फोटो छान होते. उत्तर मात्र तिच्याकडे नव्हतं. तुमच्या लेकीकडे ते असेल, तरच या प्रवासाचा करिअरला उपयोग.

आता देशाबद्दल थोडं, म्हणजे तिच्या आईची भीतीही कमी होईल. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला तिमोर बेटाच्या पूर्व भागातला हा देश २००२ मध्ये स्वतंत्र झाला. बहुतेक लोक कॅथलिक. अधिकृत भाषा तेतुम आणि पोर्तुगीज, तर इंग्रजी आणि इंडोनेशियन कामकाजाच्या भाषा. खेड्यातलं पोर घरी एखादी वेगळीच बोली बोलतं, शाळेत तेतुम-पोर्तुगीजशी झगडतं, आणि त्यावर तुमची लेक आणखी एक भाषा घेऊन उभी राहणार. गरज खरी आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये हा देश आसियान या आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेत गेला आणि आसियानचं कामकाज इंग्रजीत चालतं. पण तीन आठवड्यांत कुणाला इंग्रजी येत नाही. मुलांची भीड चेपते, दोन गाणी आणि वीस वाक्यं तोंडात बसतात. तेवढंच ध्येय ठेवलं तर काम नीट होतं.

वसईकरांना तिथे एक गंमतही सापडेल. आपला पाव तिथे 'पाउन', आपली चावी 'शावे'. दोन्हीकडे पोर्तुगीजच येऊन गेले ना! निघण्याआधी तिने शंभरेक तेतुम शब्द पाठ करावेत. मुलांची भाषा शिकणाऱ्या बाईंचं मुलं ऐकतात. दूरदेशी शिकवायला जाण्याचं एक उदाहरण तर आपल्याकडेच आहे : मिशनरी शिक्षिका सिंथिया फॅरार १८२७ मध्ये अमेरिकेहून मुंबईला आल्या, नंतर अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवल्या आणि १८६२ मध्ये तिथेच वारल्या. त्यांनी आयुष्य दिलं, आपण तीन आठवडे देणार, तेव्हा बेताने बोललेलं बरं.

पैसे भरण्याआधी फादरांना भेटा. न लाजता विचारा, आणि उत्तरं लेखी मागा. मुलं शाळेतली की अनाथाश्रमातली? अनाथाश्रम असेल तर माझा सरळ नकार. जगभर अशा ठिकाणच्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. पाहुणे आणि देणग्या येत राहाव्यात म्हणून मुलं तिथे ठेवली जातात, असे प्रकार उघड झाले आहेत. शिवाय दर महिन्याला नवी ताई येते, लळा लावते आणि निघून जाते. शाळा असेल तर वर्गात तिथले शिक्षक हजर असतील ना? मुलांसोबत कुणी एकटं राहणार नाही, असा नियम आहे का? शिकवण्यासाठी कुठला व्हिसा चालतो? विमा आहे का? या प्रश्नांवर फादर चिडले, तर तुम्हाला उत्तर मिळालंच.

आणि तालीम इथेच करायची. पालघर जिल्ह्यात वारली पाड्यांवरची मुलं घरी वारली बोलतात आणि शाळेत मराठी पुस्तक उघडतात. तिमोरची अडचण तुमच्यापासून लोकलच्या अंतरावर आहे! युवा गटाने शाळेची परवानगी घेऊन आतापासून दर रविवारी दोन तास तिथे काढावेत. वही ठेवावी : आज काय शिकवलं, कुठे फसलं, पुढच्या वेळी काय बदललं. 'हेड, शोल्डर्स' हे गाणं म्हणताना मागच्या ओळीतली पोरगी नुसते ओठ हलवत होती, हे ज्या दिवशी तुमच्या लेकीच्या लक्षात येईल, त्या दिवशी शिक्षिका सुरू झाली. पुढे अर्जाच्या निबंधात हीच वही उपयोगी पडेल. 'माझं आयुष्य बदललं' असं वाक्य त्यात नको. तपासणारे ते रोज वाचतात.

नोकरीचा रस्ता वेगळा आहे. इथल्या शाळांसाठी पदवीनंतर दोन वर्षांचं बीएड आणि टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. परदेशी भाषासंस्थांसाठी इंग्रजी शिकवण्याचं केंब्रिजचं सेल्टा प्रमाणपत्र. त्यात सहा तास खऱ्या विद्यार्थ्यांपुढे शिकवावं लागतं आणि प्रशिक्षक मागे बसून टिपणं काढतो. हैदराबादच्या इंग्रजी व परदेशी भाषा विद्यापीठाचाही विचार करा. सेवेचं प्रमाणपत्र यातल्या कशाची जागा घेत नाही. दीड लाख गेल्यावर सेल्टाला पैसे उरणार नसतील, तर मी सेल्टा निवडेन आणि पाड्यावरचे रविवार चालू ठेवेन. हिशेब मांडताना तिलाही शेजारी बसवा.

जायचं ठरलं, तर आधी तिच्या पासपोर्टची तारीख बघा. तिथे पोहोचण्याच्या दिवसापासून किमान सहा महिने मुदत शिल्लक हवी.