साठीशांत आणि काझूचा करार

प्रिय ओवी,

आबांच्या साठीशांतीचं कळल्यावर तू दोन गोष्टी विचारल्यास. साठाव्या वर्षी एवढं काय करायचं असतं? आणि 'साठी बुद्धी नाठी' असं म्हणतात, तर साठीकडे निघालेल्या काझूला, त्या जपानी फुटबॉलपटूला, क्लब करार कसे देतात?

साठ हा आकडा माणसाच्या ताकदीवरून ठरलेला नाही. तो आकाशावरून आला आहे. गुरूला सूर्याभोवती एक फेरी मारायला जवळजवळ १२ वर्षं लागतात, शनीला साधारण साडेएकोणतीस. गुरूच्या पाच फेऱ्या आणि शनीच्या दोन फेऱ्या साठच्या आसपास एकत्र पुऱ्या होतात. आपल्या पंचांगात म्हणूनच ६० संवत्सरं आहेत, प्रभवापासून क्षयापर्यंत, आणि दर पाडव्याला पुढचं लागतं. आपण जन्मलो ते संवत्सर पुन्हा आलं की एक आवर्तन पुरं झालं. साठीशांत त्या आवर्तनाची असते.

जपानमध्येही साठीच मोजतात. दहा मण्यांची एक माळ आणि बारा प्राण्यांची दुसरी, दोन्ही दरवर्षी एकेक घर पुढे सरकतात, आणि सुरुवातीची जोडी पुन्हा जुळायला बरोबर ६० वर्षं लागतात. त्याला जपानीत कानरेकी म्हणतात. त्या दिवशी लाल बंडी आणि लाल टोपी घालतात, कारण लाल रंग तान्ह्या बाळाचा. मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते.

आता काझूकडे. काझुयोशी मिउराचा जन्म शिझुओकाचा, २६ फेब्रुवारी १९६७चा. जपानी मोजणीत ते अग्नी-मेंढीचं वर्ष, आणि तेच २०२७मध्ये परत येतं. आपल्या पंचांगात तो दिवस शके १८८८, पराभव संवत्सर, माघ वद्य द्वितीया. पराभव संवत्सर शके १९४८मध्ये पुन्हा येतं आणि तीच तिथी २२ फेब्रुवारी २०२७च्या आसपास पडते. तारीख आणि तिथी दर १९ वर्षांनी जवळपास एकत्र येतात, पण साठ हा १९चा पट नाही, म्हणून साठीला असा चार दिवसांचा फरक पडतो. आबांचा वाढदिवस आणि शांतीचा दिवस वेगळा का, असं तू विचारशीलच. त्याचं कारणही हेच.

काझूनं हायस्कूल एक वर्षही पुरं न करता सोडलं आणि १९८२च्या डिसेंबरमध्ये, पंधराव्या वर्षी, एकट्यानं ब्राझील गाठलं. तेव्हा जपानमध्ये व्यावसायिक लीगच नव्हती. साओ पावलोच्या जुव्हेंतुसच्या युवा संघापासून त्यानं सुरुवात केली आणि १९८६मध्ये सांतोस क्लबनं त्याला व्यावसायिक करार दिला. करार मिळाला म्हणून जागा मिळत नाही. सांतोसमध्ये त्याला फारसं खेळायला मिळेना, म्हणून मात्सुबारा, सीआरबी, किंझे दे जाऊ, कोरितीबा अशा लहान-मोठ्या क्लबांत खेळून तो १९९०मध्ये सांतोसकडे परतला आणि त्याच वर्षी जपानला, योमिउरी क्लबमध्ये आला. हाच क्लब पुढे वर्दी कावासाकी झाला. मधली ही वर्षं लोक घाईनं ओलांडून जातात, पण माझ्या मते त्याच्या लांब कारकिर्दीचा पाया तिथेच आहे. मिळेल त्या मैदानावर, मिळेल तेवढी मिनिटं खेळायची सवय त्याला तिथे लागली, आणि पन्नाशीनंतर तीच कामी आली.

१५ मे १९९३ला जे-लीग, म्हणजे जपानची व्यावसायिक लीग, सुरू झाली. वर्दीनं पहिली दोन्ही विजेतेपदं घेतली, काझू पहिल्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि आशियातलाही. त्याच वर्षी २८ ऑक्टोबरला कतारच्या दोहा शहरात इराकविरुद्ध जिंकलं की जपान पहिल्यांदा विश्वचषकात जाणार होता. पाचव्या मिनिटाला काझूनंच गोल केला. २–१ अशी आघाडी भरपाई वेळेपर्यंत टिकली आणि मग एका कॉर्नरवर इराकनं हेडरनं बरोबरी केली. जपान बाहेर. तो कॉर्नर इराकनं छोट्या पासनं खेळला होता. अशा वेळी बचाव करणाऱ्यांचं लक्ष चेंडूमागे जातं आणि गोलसमोरचा माणूस मोकळा राहतो.

१९९४मध्ये तो इटलीत जेनोआ क्लबकडे लोनवर, म्हणजे उसना खेळाडू म्हणून गेला, तिथल्या अव्वल लीगमधला, सेरी आमधला, पहिला जपानी. पहिल्याच सामन्यात मिलानच्या बारेझीशी टक्कर होऊन तो जायबंदी झाला. त्या हंगामात त्याचा एकच गोल, पण त्याच शहरातल्या प्रतिस्पर्धी सांपदोरियाविरुद्धच्या सामन्यातला. १९९६ला परत जे-लीगचा सर्वाधिक गोल करणारा, २३ गोल. १९९७मध्ये पात्रता फेरीत उझबेकिस्तानविरुद्ध चार गोल. आणि तरीही २ जून १९९८ला, जपानच्या पहिल्या विश्वचषकाच्या उंबरठ्यावर, प्रशिक्षक ओकादांनी २५ जणांतून तिघांना वगळलं, त्यात काझू होता. राष्ट्रीय संघासाठी ८९ सामन्यांत ५५ गोल करूनही फुटबॉलचा विश्वचषक त्याला खेळायला मिळाला नाही. २०१२मध्ये, ४५व्या वर्षी, तो थायलंडमध्ये फुटसालच्या, म्हणजे पाच-पाच जणांच्या इनडोअर फुटबॉलच्या, विश्वचषकात खेळला. मला ही त्याच्या कारकिर्दीतली फार मोठी गोष्ट वाटते.

झाग्रेब, क्योतो, कोबे असं करत तो २००५मध्ये योकोहामा एफसीत आला. आता तुझ्या 'बुद्धी नाठी'चं उत्तर.

वय वाढताना फुटबॉलपटूच्या हातून आधी निसटतो तो पहिल्या पाच-दहा मीटरचा झपाटा, कारण स्नायूंतले झटपट आकुंचन पावणारे तंतू आधी कमी होतात. मग स्नायुबंध ताठर होतात, पोटरी आणि मांडीमागचा स्नायू पटकन दुखावतो आणि एका सामन्याचा थकवा जायला पूर्वीपेक्षा जास्त दिवस लागतात. कुठे उभं राहायचं, चेंडू कुठे उसळून येणार, हे ओळखणं मात्र इतक्या लवकर जात नाही. ब्राझीलमध्ये काझू डाव्या बाजूनं पळणारा विंगर होता, पुढे तो गोलसमोरचा स्ट्रायकर झाला. मिनिटं कमी झाली, बदली म्हणून उतरायची तयारी ठेवली, आणि हिवाळ्यात संघाची तयारी सुरू व्हायच्या आधी तो स्वतःच्या खर्चानं ग्वामच्या उबदार हवेत सराव करू लागला. थंडीत गार स्नायूंवर अचानक जोर टाकला की दुखापतीचा धोका वाढतो.

१२ मार्च २०१७ला गुन्मा संघाविरुद्ध त्यानं गोल केला तेव्हा तो ५० वर्षं १४ दिवसांचा होता. व्यावसायिक लीगमध्ये याहून जास्त वयात कुणी गोल केला नव्हता. सर्वात जास्त वयात लीगचा सामना खेळण्याचा विक्रम इंग्लंडच्या स्टॅनली मॅथ्यूजचा होता, ५० वर्षं ५ दिवसांचा. तोही काझूनं त्याच महिन्यात मोडला. २३ सप्टेंबर २०२०ला कावासाकी फ्रंताले विरुद्ध तो कर्णधार म्हणून सुरुवातीपासून उतरला, वय ५३. २०२३मध्ये पोर्तुगालच्या ओलिव्हेइरेन्सेकडे लोनवर आणि २०२४मध्ये चौथ्या श्रेणीतल्या सुझुकाकडे. श्रेणी खाली गेली, मिनिटं कमी झाली. हे त्यानं स्वीकारलं, म्हणून करार होत राहिले. मुहूर्तही त्याचा ठरलेला, बरं का. अंगावर ११ नंबर, म्हणून योकोहामा एफसी त्याचा नवा करार ११ जानेवारीला सकाळी ११ वाजून ११ मिनिटांनी जाहीर करायची.

तर आबांच्या साठीला काय करतात ते सांगते. आपल्याकडे वयाप्रमाणे शांतींना नावं आहेत. पन्नासची वैष्णवी, साठची उग्ररथ, सत्तरची भैमरथी, पंचाहत्तरची ऐंद्री. म्हणजे साठीनंतरही यादी लांब आहे. आधी गणपतीपूजन आणि पुण्याहवाचन, मग कलश मांडून ग्रहांचं, मार्कंडेयाचं आणि चिरंजीवांचं पूजन, होम, आणि कलशातल्या पाण्यानं अभिषेक. काशाच्या वाटीत तूप घालून आबा त्यात स्वतःचा चेहरा बघतील आणि ती वाटी दान देतील. तीळ आणि गूळ घातलेलं दूध अर्धी ओंजळ प्यायचं असतं. घराण्याप्रमाणे क्रम थोडा बदलतो, गुरुजी सांगतील तसं.

शेवटी औक्षण, साठ दिव्यांनी, आणि ते काम तुझ्याकडे आहे. अर्धा किलो कणकेत चमचाभर हळद घालून घट्ट भिजव. सैल झाली तर दिवे बसतात आणि तूप झिरपतं. मोठ्या सुपारीएवढे गोळे करून अंगठ्यानं खळगे कर. एका ताटात साठ मावणार नाहीत. तीन ताटं घे, प्रत्येकात वीस, आणि कडेला बोटभर जागा सोड, नाहीतर ताट उचलताना हात भाजेल. पेटवताना मधले आधी आणि कडेचे शेवटी. इथल्या घरात धुराचा अलार्म असतो, त्याच्या खाली उभी राहू नकोस. दिवे सकाळी केलेस तरी चालतील, फुलवाती मात्र आदल्या रात्रीच तुपात भिजव, कोरड्या वाती नुसत्या धुमसतात.

तुझी,
आई