व्हिज्युअलायझेशनचा (विदा, म्हणजे डेटा, चित्ररूपात दाखवण्याच्या विषयाचा) पहिलाच पेपर आहे, स्लाइड्स ढीगभर आहेत, वेळ कमी आहे. काय वाचू?

वाचणं थोडं बाजूला ठेवा आणि कोरे कागद घ्या. या विषयात स्लाइड बघताना सगळं समजल्यासारखं वाटतं, पण पेपरात चौकोनावर आकडे आले की हात अडतो. उत्तरपत्रिका तपासताना हे कायम दिसतं.

सुरुवात मार्चिंग स्क्वेअर्सपासून, म्हणजे चौकोनांच्या कोपऱ्यांवरच्या आकड्यांवरून समान किमतीची रेषा काढण्याच्या पद्धतीपासून करा. एका चौकोनाच्या कोपऱ्यांवर क्रमाने फिरत 2, 10, 3, 1 लिहा आणि 4 ची समपातळी रेषा (जिथे किंमत बरोबर 4 असते ती) काढा. 4 च्या वर फक्त 10 आहे, म्हणजे रेषा तो एकच कोपरा कापून वेगळा करणार. पण नेमकी कुठून? 2 ते 10 या कडेवर (4−2)/(10−2) = 0.25, म्हणजे 2 पासून पाव अंतरावर. 10 ते 3 या कडेवर 3 पासून एक सप्तमांश. बरेच जण डोळे झाकून कडेच्या मधोमध टिंब देतात आणि तिथेच गुण जातात.

आता 1 च्या जागी 9 लिहा. समोरासमोरचे दोन कोपरे वर, दोन खाली. जोडणी दोन प्रकारे होऊ शकते. चारही कोपऱ्यांची सरासरी 6, ती 4 च्या वर, म्हणून 10 आणि 9 एकमेकांना जोडलेले धरायचे. रेषा 2 आणि 3 चे कोपरे कापतील. प्रत्येक कोपरा वर किंवा खाली, म्हणून एकूण प्रकार 16; त्यांपैकी असे अडचणीचे दोनच. हे जमलं की मार्चिंग क्यूब्ज, म्हणजे हीच पद्धत त्रिमितीत घनांवर (लॉरेन्सन आणि क्लाइन, 1987), सोपं जातं: 8 कोपरे, 256 प्रकार, सममितीने 15. तक्ता पाठ करत बसू नका.

व्हॉल्यूम रेंडरिंगमध्ये (त्रिमितीय विदा अर्धपारदर्शक थरांसारखी दाखवण्यात) पुढून मागे रंग मिसळायचं गणित हाताने करा. पुढे लाल, मागे निळा, दोघांची अपारदर्शकता 0.5. लाल 0.5 येतो, निळा मात्र 0.25, कारण निम्मा प्रकाश लालने आधीच अडवलेला असतो.

थिअरीत क्लीव्हलंड आणि मॅकगिल (1984) यांचा क्रम लक्षात ठेवा: एकाच मापपट्टीवरचं स्थान सर्वांत अचूक वाचलं जातं, मग लांबी, कोन, क्षेत्रफळ, रंगाची छटा शेवटाकडे. पाय चार्ट का टाळावा, याचं उत्तर यातच आहे. इतिहासाला, म्हणजे नेपोलियनच्या रशिया मोहिमेवरच्या मिनार्डच्या 1869 च्या नकाशाला वगैरे, एक संध्याकाळ पुरे.

आणि इंद्रधनुषी रंगपट्टी वाईट का असं विचारलं, तर 'दिसायला भडक' लिहू नका. पिवळा मध्येच उजळ दिसतो आणि विदेत नसलेली सीमारेषा डोळ्यांना दिसू लागते, हे लिहा.