आधी धुकं, मग डोंगर

प्रिय मित्रा,

तुझी डोंगरांची चित्रं पाहिली. हात चांगला बसलाय, वादच नाही. पण तू शिखरापासून सुरुवात करतोस आणि सगळं उरकल्यावर धुकं म्हणून वरून पांढरा रंग फिरवतोस. तिथंच घोडं अडतंय. ज्या चिनी चित्रांच्या प्रेमात तू पडलायस, त्यांत धुकं बहुतेक वेळा कोरं सोडलेलं रेशीम असतं. म्हणजे ढग कुठे येणार, हे कुंचला टेकवण्याआधीच ठरवावं लागतं.

चिनी चित्रकार फान ख्वानचं 'डोंगर-ओढ्यांतले प्रवासी' हे चित्र नीट बघ. इ.स. 1000 च्या सुमाराचं, दोन मीटरहून उंच, सध्या तैपेईच्या नॅशनल पॅलेस म्युझियममध्ये. पडद्यावर मोठं करून खाली उजव्या कोपऱ्यात जा. लादलेली खेचरं आणि ती हाकणारी माणसं, शोधावी लागतील इतकी बारीक. तिथून नजर वर ने. झाडी संपते, कडा सुरू होतो आणि दोहोंच्या मध्ये नुसती धूसर पट्टी. कड्याचा पायथा दिसतच नाही, म्हणून तो अंगावर येतो. पायथा काढला असता तर उंचीचा अंदाज बांधता आला असता, आणि अंदाज आला की दरारा संपला. उजवीकडच्या घळीतला धबधबाही बघ, केवढीशी फिकट रेघ!

पुढे गुओ शी या चित्रकाराने हेच सूत्र सांगितलं, त्याच्या मुलाने ते लिहून ठेवलं: अख्खा डोंगर दाखवला तर तो उंच वाटत नाही, कमरेला धुकं आलं की वाटतो. त्याचं 1072 चं 'वसंताची चाहूल' त्यासाठीच बघायचं. मी फू नावाच्या चित्रकाराच्या ओल्या आडव्या ठिपक्यांच्या नादी मात्र एवढ्यात लागू नकोस. नकला करणाऱ्यांनी त्यांची पार रया घालवली आहे.

बाटलीतली शाई बंद कर. सहाणेवर चंदन उगाळावं तशी शाईची कांडी दगडावर उगाळ. गडद-फिकं हाताला कळायला लागेल. मग कडा ढगात शिरतो तेवढीच वीतभर जागा काढ. ढगाची कड स्वच्छ पाण्याने ओली कर, खडकाकडून फिकी शाई आण आणि ओल असेपर्यंतच हात उचल. वाळल्यावर कडेला रेघ उमटली तर दुरुस्त करत बसू नकोस, नवा कागद घे. रेघ उमटेनाशी झाली की फान ख्वानच्या खडकांवरचे ते पावसाच्या थेंबांसारखे फटकारे शिकू. तोवर शिखर नको.

सस्नेह आशीर्वाद.