ऑफेन्सिव्ह लाइन कशी जोखायची? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : माझा मोठा भाऊ न्यू जर्सीला असतो, त्याच्यामुळे मलाही अमेरिकन फुटबॉलचं वेड लागलंय. रविवारी रात्री साडेदहाला मॅच सुरू होते ती बघतो आणि सकाळी डोळे चोळत दुकान उघडतो. सीझन सुरू व्हायच्या आधी कुठली टीम चालेल याचा अंदाज बांधायचा तर मी क्वार्टरबॅकचं (बॉल फेकणारा, हल्ल्याचा सूत्रधार) नाव बघतो, भाऊ म्हणतो आधी ऑफेन्सिव्ह लाइन (त्याच्यासमोर उभी राहून त्याला वाचवणारी पाच जणांची फळी) बघ. पण त्या पाच जणांच्या नावावर ना टचडाउन (बॉल समोरच्याच्या टोकाला नेऊन मिळवलेले गुण) ना यार्ड (बॉल पुढे नेलेलं अंतर), मग जोखायचं कसं? (एक वाचक, गुहागर)

उत्तर : भावाचं ऐका. आणि तुम्ही गुहागरचे म्हणजे कबड्डी बघितलेली असणारच, त्यामुळे तुम्हाला हे समजायला अजिबात जड जाणार नाही.

मी स्वतः तालुका पातळीपर्यंत डावा कोपरा खेळलोय. एका मॅचला मी चढाईवाल्याचा घोटा अगदी पक्का धरला होता, पण बाजूचा कव्हर अर्धं पाऊल उशिरा आला आणि तो गडी मला मातीतून फरफटत मध्यरेषेला हात लावून गेला. पकड माझी चांगलीच होती हो, पण पॉइंट त्यांना मिळाला. ऑफेन्सिव्ह लाइनचं डिट्टो तसंच असतं. मधे सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूला गार्ड, टोकाला टॅकल, आणि या पाचांनी मिळून क्वार्टरबॅकला अडीच-तीन सेकंद मिळवून द्यायचे. चौघांनी आपापला माणूस अडवला आणि पाचव्याचा सुटला तरी क्वार्टरबॅक आडवा होतो, त्यालाच सॅक म्हणतात. म्हणून लाइन जोखताना सगळ्यात भारी माणूस कोण हे नंतर बघा, सगळ्यात कच्चा कोण आणि तो कुणाच्या शेजारी उभा राहतो ते आधी बघा.

दुसरं म्हणजे हे पाच जण एकत्र किती दिवस खेळलेत. समोरच्या टीमचे दोघं मुद्दाम एकमेकांच्या जागा बदलून आत घुसतात, याला स्टंट म्हणतात. त्या क्षणी गार्डने आपला माणूस टॅकलकडे सोपवायचा आणि टॅकलकडचा आपण घ्यायचा, पण दोघंही एकाच्याच मागे गेले की दुसऱ्याला रस्ता मोकळा. आपल्याकडे कबड्डीत कसं, सोड, माझा, असं ओरडायचीही गरज पडत नाही, नुसत्या खांद्याच्या हालचालीवरून कळतं, तसं यांचं व्हायला बरेच महिने जातात. त्यामुळे मागच्या वर्षीचे पाचातले चार त्याच जागांवर असतील तर मी त्या टीमला मनातल्या मनात वर ढकलतो, आणि नवा सेंटर असेल तर जरा थांबतो, कारण समोरची मांडणी वाचून कुणी कुणाला घ्यायचं हे बऱ्याचदा तोच सांगतो.

कॅन्सस सिटी चीफ्सचंच बघा ना. फेब्रुवारी 2021 च्या सुपर बोलला, म्हणजे सीझनच्या फायनलला, त्यांचे दोन्ही नेहमीचे टॅकल जखमी होऊन बाहेर होते, पॅट्रिक महोम्ससारखा क्वार्टरबॅक अख्खी मॅच जीव घेऊन पळत होता आणि टॅम्पा बेकडून 31-9 हरले. त्यांनी त्याच उन्हाळ्यात लाइन मुळापासून बदलली, ऑरलँडो ब्राऊनला ट्रेडमध्ये (दुसऱ्या टीमशी अदलाबदल करून) आणलं, जो थूनीला घेतलं, ड्राफ्टमधून (नव्या खेळाडूंची दरवर्षीची निवड) क्रीड हम्फ्री आणि ट्रे स्मिथ उचलले. हे चौघं दोन सीझन शेजारी शेजारी खेळले आणि फेब्रुवारी 2023 च्या सुपर बोलमधे समोर फिलाडेल्फिया ईगल्स होते, ज्यांनी त्या सीझनला 70 सॅक केले होते, त्या ईगल्सना महोम्सला एकदाही पाडता आलं नाही. मॅच 38-35 जिंकली. मला ती मॅच बघताना खरंच भरून आलं होतं, कारण त्या पाचांचं कौतुक कुणी करत नाही.

आकडे हवेच असतील तर सॅक बघा पण नुसत्या सॅकवर जाऊ नका. काही क्वार्टरबॅक बॉल हातात धरूनच बसतात, मग चार सेकंदांनंतर पडले तर त्यात लाइनचा काय दोष. होल्डिंगचा (समोरच्याला हाताने धरून ठेवणं) दंड 10 यार्डांचा, फॉल्स स्टार्टचा (डाव सुरू व्हायच्या आधीच हलणं) 5 यार्डांचा, हे कुणाच्या नावावर सारखे लागतायत ते बघा, तिथे कच्चा दुवा सापडतो.

प्रश्न : जवळपास सगळे 135-140 किलोचे असतात ना, मग जास्त वजनाची लाइन ती चांगली असं धरलं तर? (एक वाचक, देवगड)

उत्तर : नाही, वजन सगळ्यांकडेच असतं. पाय बघा. टॅकल मागे सरकताना पाय एकमेकांजवळ आणतो का, कमरेत वाकतो की गुडघ्यात, एवढंच. गुडघ्यात वाकणारा टिकतो, कमरेत वाकणारा पुढे झोकांडतो, आपल्याकडे कोपरा खेळणाऱ्या पोराला पहिल्या दिवशी हेच शिकवतात. ईगल्सचा जॉर्डन मायलाटा ऑस्ट्रेलियात रग्बी लीग खेळायचा, 2018 ला ड्राफ्टच्या सातव्या राउंडला घेतला तेव्हा त्याने हा खेळ एकदाही खेळलेला नव्हता. अंगापिंडाने अवाढव्य होताच, पण कोचने त्याचे पाय आणि हात घडवले आणि फेब्रुवारी 2025 ला तो सुपर बोल जिंकलेल्या टीमचा लेफ्ट टॅकल होता.

प्रश्न : ऑगस्टमधल्या प्रीसीझन (सीझनआधीच्या सरावाच्या) मॅच बघण्यात अर्थ आहे का? मेन प्लेयर तर खेळतच नाहीत. (एक वाचक, अलिबाग)

उत्तर : म्हणूनच बघा. 17 मॅचच्या सीझनला पाचच्या पाच जण शेवटपर्यंत उभे राहणं फार कठीण, क्लीव्हलँड ब्राऊन्स टीमचा जो थॉमस सलग 10,363 स्नॅप (सेंटरने बॉल मागे दिला की सुरू होणारा एकेक डाव) खेळला तसा माणूस एखादाच. म्हणजे सहावा आणि सातवा कोण हे कळायला हवं आणि ते ऑगस्टमधेच दिसतं. सहावा माणूस दोन्ही बाजूंना खेळू शकतो का हे मी आवर्जून बघतो, कारण डावीकडून उजवीकडे गेलं की सगळं उलटं होतं, पुढचा पाय बदलतो, पहिला हात बदलतो. मला एकदा उजव्या कोपऱ्यात उभं केलं होतं तर पहिल्या तीन चढायांना मला समोरचा गडी दिसूनही हात उचलता येईना.

आणि बघताना एक करा, स्नॅप झाला की बॉलच्या मागे नजर नेऊ नका, ती आपोआप जाते, पण धरून ठेवा. एका ड्राइव्हला (बॉल एका टीमकडे असेपर्यंतचे सलग डाव) फक्त लेफ्ट टॅकल, पुढच्या ड्राइव्हला फक्त सेंटर. श्रावणात पाऊस असतोच, लाइट टिकली तर चार मॅचमधे डोळा तयार होईल.