आयर्लंडला येताय? मग १७ मार्चबद्दल थोडं (आणि शाळेबद्दल बरंच)

तुम्ही विचारलंय की आयरिश लोक स्वतःच पिढ्यान्‌पिढ्या देश सोडून गेलेले, म्हणजे बाहेरून आलेल्याला ते समजून घेत असतील ना, आणि सेंट पॅट्रिक्स डेच्या, म्हणजे १७ मार्चच्या इथल्या संताच्या सणाच्या, सुमारास आलो तर दुसरीतल्या लेकीला रुळायला बरं पडेल का. परमिट, पगाराची अट वगैरे सगळं सरकारी साइटवर आहे, ते मी लिहीत बसत नाही. पण प्रश्न वाचला आणि भांडी तशीच टाकून लिहायला बसले, तेव्हा लांबलं तर सांभाळून घ्या.

मी कॉर्कला असते. इथून लोकल ट्रेनने कोव्ह बंदर अगदी जवळ. १८४५ ला बटाट्यावर करपा पडला आणि पुढची काही वर्षं जो दुष्काळ झाला त्यात साधारण दहा लाख माणसं मेली, त्याहून जास्त देश सोडून गेली, आणि तेव्हाही इथलं धान्य जहाजांनी इंग्लंडला जातच होतं. या एका कोव्हमधून शंभर वर्षांत पंचवीसेक लाख लोक गेले म्हणतात. धक्क्यावर ॲनी मूर नावाच्या पोरीचा पुतळा आहे, दोन धाकट्या भावांना घेऊन निघालेली, १ जानेवारी १८९२ ला न्यूयॉर्कचं एलिस आयलंड, म्हणजे बाहेरून येणाऱ्यांची नोंद करायचं ठाणं, उघडलं तेव्हा पहिली नोंद तिची झाली. आईबाप आधीच तिकडे गेलेले. आपल्याकडे नवरा पुढे येतो, घर बघतो, मग बायकापोरं येतात, तसंच.

आता सणाचं. इथे तो मुळात चर्चला जाण्याचा दिवस, कोटाला शॅमरॉकची, म्हणजे तीन पानांच्या हिरव्या रोपाची, जुडी लावायची, घरी जेवायचं, संपलं. मिरवणूक अमेरिकेतली! न्यूयॉर्कला १७६२ पासून निघते, सुरुवात ब्रिटिश सैन्यातल्या आयरिश शिपायांनी केली. दुष्काळानंतर जे तिकडे पोचले त्यांना दारुडे, पोपचे गुलाम असलं काय काय ऐकून घ्यावं लागायचं, मग मिरवणूक वाढत गेली, बघा आम्ही किती आहोत म्हणून. घरातला गणपती चौकात आला ना, तसंच झालं हे, फक्त चौक परदेशातला. डब्लिनमध्ये सरकारी परेड १९३१ ला आली आणि तेव्हा या दिवशी पब बंद असायचे, ते साठच्या दशकात उघडले. आज जो हिरवा गोंधळ दिसतो तो बराचसा गेलेल्यांनी परत पाठवलेला आहे.

मग ते समजून घेतात का? म्हातारी माणसं घेतात. आमच्या शेजारच्या आजींचे तीन भाऊ बॉस्टनला गेले, त्यातले दोन पुन्हा दिसलेच नाहीत, त्या मला भेटल्या की आधी "आई कशी आहे" विचारतात, हवापाण्याचं नंतर. पण नोव्हेंबर २०२३ ला डब्लिनमध्ये दंगल झाली, २०२५ च्या उन्हाळ्यात भारतीयांवर हल्ले झाले आणि डब्लिनचा इंडिया डे पुढे ढकलावा लागला, हेही याच देशात. आजोबा गेले होते म्हणून नातू आपल्याला जागा देईल असा हिशोब धरून येऊ नका. आणि गावाकडून लिओ वराडकरांचा फोटो येतच राहतो व्हॉट्सॲपवर, मालवणजवळच्या वराडचं आडनाव, आयर्लंडचा पंतप्रधान झाला, व्हाइट हाउसला शॅमरॉकचा वाडगा घेऊन गेला. अहो, तो डब्लिनमध्ये जन्मला, आई आयरिश.

कागदपत्रांचं एकच सांगते. वीजबिल दोघांच्या नावावर घ्या, पहिल्याच दिवशी. आमचं फक्त ह्यांच्या नावावर होतं, तर मी या पत्त्यावर राहते हे कुठे सिद्धच होईना, बँक म्हणे पत्त्याचा पुरावा आणा, पत्त्याचा पुरावा काय तर बँकेचं पत्र. खिडकीतल्या बाईने लग्नाचं सर्टिफिकेट उलटसुलट करून पाहिलं आणि हसून परत दिलं. पुण्यात सगळ्या घराची बिलं मी भरायचे हो, इथे मी कोणाची तरी डिपेंडंट. अजून आठवलं की डोकं फिरतं.

आणि शाळा. इथल्या दहातल्या जवळपास नऊ प्राथमिक शाळा कॅथलिक. प्रवेशाला धर्म बघणं २०१८ च्या कायद्याने बंद केलं, पण वर्गात धर्माचा तास असतोच आणि नेमकं दुसरीचं वर्ष म्हणजे फर्स्ट कम्युनियनचं, म्हणजे कॅथलिक पोरांच्या एका मोठ्या धार्मिक विधीचं, मुली त्याला पांढरा ड्रेस घालतात. तुमची लेक त्याच वर्षात येतेय म्हणून एवढं सांगते. आमची मागच्या बाकावर रंगवायचा कागद घेऊन बसायची, आणखी एक पोलिश नास्तिक घरचा मुलगा आणि ही. बाकीच्या पोरी पांढऱ्या ड्रेसबद्दल बोलायच्या, ही रोज येऊन मला झालरींचं वर्णन करायची, मागितला मात्र कधीच नाही. मागितला असता तर भांडले असते, समजावलं असतं, काहीतरी केलं असतं. बाई चांगल्या होत्या, कोणी वाईट वागलं नाही, तरी मला ते अजून खुपतं.

गंमत म्हणजे मार्चमध्ये संताच्या नावाच्या सणाला तीच पोरगी वर्गाच्या पहिल्या रांगेत, गालावर हिरवा रंग, मागे ट्रॅक्टर, हर्लिंग या इथल्या काठी-चेंडूच्या खेळाची पोरं, अग्निशमनची गाडी आणि आपली मंडळी लेझीम घेऊन. कोण कुठल्या देवाचं कोणी विचारत नाही. मी फुटपाथवर उभी राहून टाळ्या वाजवते आणि मनात येतं ही आता इथलीच झाली, आणि ते मला हवं होतं की नाही याचं उत्तर माझ्याकडे नाही. ह्यांना विचारलं तर म्हणतात, फोटो काढ.

एकटेपणाचं सगळे विचारतात. असतो. नोव्हेंबरात साडेचारला अंधार होतो, कामं काढायची, जातो.

तर मार्चमध्ये या, पण १७ तारखेच्या आसपास घरं बघायचं ठरवू नका, बँक, शाळा, ऑफिसं बंद आणि हॉटेलं महाग. एज्युकेट टुगेदर या कुठल्याच धर्माच्या नसलेल्या संस्थेच्या शाळेत जागा मिळते का ते आत्ताच विचारून ठेवा, तिथे धर्माची तयारी शाळेच्या वेळेत नसते. कुठल्या शहरात येताय ते लिहिलंच नाही तुम्ही, कॉर्क असेल तर भाड्याचं वेगळं सांगते.