वस्तू देणे लागणारा ‘ऋणको’ होतो का?

प्रश्न असा आला आहे: स्पेनच्या दिवाणी संहितेतली १०९४ ते १०९७ ही चार कलमं मराठीत आणायची आहेत. तिथल्या ‘देउदोर’ने, म्हणजे देणं लागणाऱ्याने, कोणाकडून पैसे उसने घेतलेले नाहीत, घर, शेत, गाय असं काहीतरी दुसऱ्याच्या हवाली करायचं त्याच्यावर बंधन आहे. कोश ‘ऋणको’ म्हणतो, पण कर्जच न काढलेल्या माणसाला ऋणको म्हणणं खटकतं. मग ‘देणेकरी’ चालेल का?

‘देणेकरी’ मुळीच नको. हा शब्द मराठीत दोन्हीकडून खेळतो. देणं लागतो तो देणेकरी, हे खरंच; पण ‘देणेकऱ्यांचा तगादा लागलाय’ म्हटलं की डोळ्यांपुढे येतात ते दारात ठाण मांडून बसलेले वसुलीवाले. गप्पांत हे खपून जातं. कलमात मात्र कोण कोणाकडे मागतोय हेच उलटं झालं तर सगळंच मुसळ केरात. ‘कर्जदार’ला पैसा चिकटलेला आहे. ‘कूळ’ सावकारीच्या बोलीत होतं, पण कूळकायद्यानंतर ते शेतजमिनीतच रुतलं.

राहतो ‘ऋणको’, आणि तो वाटतो तितका पैशाचा नाही. जुन्या कर्जरोख्यांत ‘धनकोनाम अमुक, रिणकोनाम तमुक’ असा मायना असे. संस्कृत ‘धनिकः’ आणि ‘नाम’ यांचा संधी ‘धनिको नाम’. त्यातलं ‘नाम’ पुढे गळालं आणि संधीतला ओकार शब्दाला कायमचा चिकटला, असं मला वाटतं. म्हणजे हे शब्द मुळात दस्तातल्या दोन बाजूंच्या पाट्या होत्या: हा मागणारा, हा देणारा. ‘देउदोर’ ज्यावरून आला त्या लॅटिन ‘देबितोर’चंही तसंच. ते ज्या क्रियापदावरून आलं त्याचा मूळ अर्थ ‘दुसऱ्याचं आपल्याकडे ठेवणं’ असा आहे. ठेवलेलं नाणं की बैल, याची त्या शब्दाला फिकीर नाही.

पण मूळ मजकूर नीट पाहा. १०९४व्या कलमात ‘देउदोर’ नाहीच! तिथे आहे ‘एल ओब्लिगादो आ दार’, म्हणजे देण्यास बांधलेला. आपल्याकडे ‘बांधील’ हा नेमका तोच शब्द तयार आहे. तेव्हा पहिल्या कलमात ‘वस्तू देण्यास बांधील असलेली व्यक्ती’ लिहा आणि १०९६मध्ये जिथे खरोखर ‘देउदोर’ येतो तिथे ‘ऋणको’. वाचकाची तोवर ओळख झालेली असेल, खटकणार नाही.

आता खरी पंचाईत. बांधील माणसाने वस्तू सुपूर्द होईपर्यंत ती ‘कुटुंबाच्या चांगल्या बापाला’ साजेशा काळजीने जपावी, असं १०९४वं कलम सांगतं. तुम्ही ‘कुटुंबवत्सल पित्याप्रमाणे’ असं सुचवलं आहे. नको. रोमन कायद्यातला हा बाप मुलांना खांद्यावर घेऊन फिरणारा नव्हे, घरची मिळकत सांभाळणारा आहे. आपल्या भाषेत घरचा कर्ता. ‘कर्ता’ लिहावा तर हिंदू एकत्र कुटुंबाच्या कायद्यातला कर्ता आपल्या सगळ्या अधिकारांसह मध्ये येऊन बसतो. म्हणून मी ‘जबाबदार घरधनी’ असं करीन. फ्रान्सने २०१४ साली आपल्या संहितेतून हा बाप काढूनच टाकला आणि त्या जागी ‘वाजवी’ अशा अर्थाचं विशेषण आणलं, कारण स्त्री-पुरुष समतेच्या कायद्यात तो बसत नव्हता. आपल्याकडच्या १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने आधीच बापाला बाजूला ठेवलं होतं. विक्रीचा करार झाल्यापासून ताबा देईपर्यंत विकणाऱ्याने मिळकत आणि तिचे कागद साधारण सुज्ञ मालक जपेल तसे जपावेत, असं त्याचं ५५वं कलम म्हणतं. भाषांतर मात्र स्पॅनिश संहितेचं आहे, तेव्हा तिथला घरधनी तिथेच राहू द्या.

१०९५मध्ये धनकोला ज्यांचा हक्क मिळतो त्या ‘फ्रुतोस’ला ‘फळे’ करू नका. द्यायची वस्तू बाग असली तरी नको, कारण घरभाडं हेही ‘फ्रुतोस’मध्येच येतं. ‘उत्पन्न’ लिहा. तरी एक अडचण उरते: गाय हवाली करण्याचं बंधन लागू झालं आणि मधल्या काळात ती व्याली, तर वासरू मिळणाऱ्याचं. वासराला उत्पन्न म्हणायचं? आपल्या १८७२च्या करार कायद्यात, १६३व्या कलमाखाली, हेच उदाहरण आहे: सांभाळायला ठेवलेली गाय व्याली, तर गायीबरोबर वासरूही परत करायचं. तिथे शब्द ‘वाढ किंवा नफा’ अशा अर्थाचा आहे. ‘उत्पन्न व वाढ’ असं जोडून लिहिलं तर वासराचीही सोय होते.

१०९७ हे माझं आवडतं कलम, कारण त्यासाठी मराठीत शब्द आयता आहे आणि तो कोशात शोधण्यापेक्षा घरातल्या एखाद्या खरेदीखतात शोधावा. ‘जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप, तदंगभूत वस्तूंसह दरोबस्त’ अशी एक ओळ त्यात हमखास असते. सात-बारावर चार आंब्याची झाडं असोत नसोत, निधी-निक्षेप असतोच. स्पॅनिश ‘आक्सेसोरिओस’ म्हणजे हेच ‘तदंगभूत’, मूळ वस्तूला जोडून असलेलं. फरक एवढाच की आपला दस्तलेखक काही राहून जाईल या भीतीने यादी लांबवतो, आणि १०९७ म्हणतं, नाव घेतलं नसलं तरी ते द्यावंच लागेल. (आपल्या १८८२च्या कायद्यालाही ही भीती नाही. घर हस्तांतरित झालं की कुलपं, किल्ल्या, दारं, खिडक्या त्याच्यासोबत जातात, असं त्याचं ८वं कलम नावानिशी सांगतं.) ‘उपसाधने’ हा शब्द मोटारीच्या दुकानात ठेवा.

१०९६मध्ये ‘ठरलेली वस्तू’ आणि ‘जातीने ठरलेली वस्तू’ असा भेद आहे: ही म्हैस किंवा कोणतीही एक म्हैस. दुसऱ्यासाठी ‘जिनसी’ वापरायचा मोह होतो. ‘जिन्नस’ ज्या अरबी शब्दावरून आला तो मूळचा ग्रीक, आणि स्पॅनिश ‘हेनेरिका’च्या लॅटिन मुळाचा भाऊबंद. पण आजचा वाचक ‘जिनसी’ वाचून ‘रोख नव्हे’ एवढंच समजेल. ‘विशिष्ट’ आणि ‘प्रकारनिर्दिष्ट’ हे रूक्ष आहेत, पण चुकत नाहीत. त्याच कलमातल्या ‘मोरा’ला नुसता ‘विलंब’ अपुरा पडतो. साधारणपणे धनकोने मागणी केल्यावरच ‘मोरा’ सुरू होतो, तारीख उलटली की आपोआप नव्हे. ‘कसूर’ लिहा. कसूर झाली, किंवा एकच म्हैस दोघांना देऊ केली, की त्यानंतरची अस्मानी आपत्ती ऋणकोच्या माथी.

फिलिपीन्समध्ये स्पेनची हीच संहिता होती आणि १९५०पासून लागू झालेल्या तिथल्या संहितेत ११६३ ते ११६६ ही कलमं जवळजवळ तशीच उतरली आहेत. अडलात तर तिथला पाठ जुळवून बघा.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण मसुद्यात दिसली. १०९५च्या दोन वाक्यांत तुम्ही दोनदा ‘हक्क’ लिहिला आहे. पहिल्या वाक्यात धनकोला उत्पन्नाचा हक्क मिळतो. दुसऱ्यात, सुपूर्द होईपर्यंत वस्तूवर हक्क नाही असं म्हटलं आहे. वाचणारा म्हणेल, आत्ताच तर दिलात! दुसऱ्या ठिकाणी ‘वस्तूनिष्ठ हक्क’ (खुद्द वस्तूवरचा हक्क) असं पूर्ण लिहा, आणि गरज वाटली तर तळटीपेत साठेखताचा, म्हणजे विक्रीच्या कराराचा, दाखला द्या. साठेखत झालं तरी आपल्या कायद्यानुसार मिळकतीत हितसंबंध तयार होत नाही. विकणाऱ्याने खरेदीखत करून द्यावं अशी मागणी तेवढी करता येते.